वाळवणीच्या खोलीतला लसूण

ओलं काही दिसलं की लॉन्ड्रीकाकांचा जीव खालीवर होतो. स्वभाव म्हणा, धंदा म्हणा, की खोड म्हणा. छत्तीस वर्षांत तिन्ही एकच होऊन बसलंय. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी बोलता बोलता त्यांचा हात हळूच पडद्याकडे जातो, कापड दोन बोटांत चुरून बघतात आणि यजमानांना म्हणतात, "थोडी दमट आहे बरं का तुमची खोली." लेक शाळेत असताना तिची भूगोलाची वही भिजली होती, तर या गृहस्थांनी पानापानाला इस्त्री करून ती वाळवली. नकाशातल्या नद्या फिकट झाल्या, पण वही कशी खडखडीत झाली, हे ते अजून अभिमानानं सांगतात. काय बोलायचं अशा माणसाला.

त्यांची लॉन्ड्री रस्त्याला तोंड करून आहे. पुढे काउंटर, त्यामागे इस्त्रीची दोन टेबलं, त्यामागे धुलाईची यंत्रं आणि सगळ्यात मागे वाळवणीची खोली. ही खोली म्हणजे काकांचा प्राण. तिन्ही भिंतींना गरम पाण्याचे नळ फिरवलेले, वर दोऱ्या, कोपऱ्यात मोठा पंखा. दार लावून घेतलं की तासाभरात चादरी कोरड्या. वरच्या मजल्यावर घर, आणि मागच्या दाराबाहेर चार पावलांचं अंगण. दुकान काकांचं, अंगण काकूंचं. ही वाटणी कुणी बोलून केली नव्हती, पण चौतीस वर्षं ती मोडायची काकांची छाती झाली नव्हती.

अंगणात काकू लसूण लावायच्या. तो त्यांच्या माहेरचा. लग्न होऊन आल्या तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये बारा गड्डे गुंडाळून आणले होते. जांभळट रेघांचा, लहानखुरा, आणि तिखट असा की एक पाकळी ठेचली की खालच्या दुकानात गिऱ्हाईक शिंकायचं. काकूंच्या वडिलांच्या अंगणात तो त्यांच्या आजीच्या वेळेपासून होता. आता ते अंगण नाही. वडील गेले, घर विकलं गेलं, आणि तिथं गाड्या लावायची तीन मजली इमारत उभी राहिली. माहेर म्हणून काकूंना बोट दाखवता येईल असं जे काही उरलं होतं, ते या वाफ्यात होतं. हे काकांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं सगळं त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं.

काकूंचा लसणाचा कायदा कडक. थंडीची चाहूल लागली की गड्डे फोडायचे, त्याआधी एक दिवसही नाही. एकेक पाकळी बुड खाली, टोक वर, अंगठ्याच्या पेराइतकी खोल. उन्हाळ्याच्या तोंडावर पात पिवळी पडली की पाणी तोडायचं, आठवड्यानं खणायचं आणि पातीसकट सावलीत, वाऱ्यावर टांगायचं. मग निवड. सगळ्यात मोठे, घट्ट गड्डे बियाण्याला, उरलेले स्वयंपाकघरात. लेक लहानपणी कुरकुरायची, "आपण नेहमी बारकाच का खायचा?" त्यावर काकूंचं उत्तर एकच, "मोठा आज खाशील, आणि पुढच्या वर्षी काय माती खाशील?"

स्वयंपाकघरातल्या वाट्याचंही त्या काही वाया जाऊ देत नसत. काही काप करून उन्हात वाळवायचे, कुटायचे आणि मिठात मिसळून ठेवायचे. काही पाकळ्या सोलून व्हिनेगरमध्ये बुडवून बरण्या भरायच्या. तेलातला मात्र लागेल तेवढाच करायच्या, फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि चार दिवसांत संपवायच्या. "तेलातला लसूण बाहेर ठेवला तर विष होतं, आणि वासानंसुद्धा कळत नाही," हे येईल-जाईल त्याला ऐकवायच्या. जास्तीचं बियाणं ओळखीच्यांना वाटायच्या, प्रत्येकी दोन गड्डे, आणि वर ताकीद, "लावायचा हं, खायचा नाही." काकांना यातल्या कशालाच हात लावायला मिळायचा नाही. "तुम्ही आपल्या चादरी सांभाळा," असं म्हटलं की विषय संपला.

गेल्या वर्षी परगावी असलेल्या लेकीला जुळं झालं. एक मूल झोपलं की दुसरं उठायचं, आणि लेक-जावई दोघं भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगायचे. काकूंना जाणं भाग होतं, तेही चांगलं चार-पाच महिन्यांसाठी. निघायच्या दिवशी त्यांनी काकांना मागच्या व्हरांड्यात नेलं. तिथं जाळीच्या पिशवीत बियाण्याचे चौदा गड्डे टांगलेले होते.

"काही करायचं नाही," काकू म्हणाल्या. "नुसतं लटकू द्यायचं. थंडी पडली की फोन करा, कसा लावायचा ते सांगेन. तेवढं जमेल ना?"

"काही न करणं मला जमणार नाही होय?" काका म्हणाले. मनातून मात्र त्यांना भरून आलं होतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते अंगण त्यांच्या ताब्यात आलं होतं.

आणि नेमका त्या वर्षी पाऊस लांबला. तीन आठवडे ऊन म्हणून दिसलं नाही. भिंतींना पाझर, दारं फुगलेली, साखरेची ढेकळं झालेली. एका सकाळी काकांनी जाळीत हात घातला तर गड्ड्यांच्या सालीला काळसर भुकटी लागलेली. बोटं काळी झाली, आणि काकांना वाटलं, सगळं बियाणं गेलं. खरं तर एवढ्यानं काही बिघडत नाही, वरचं साल पुसलं की काम झालं. काकू दर वर्षी तेच करायच्या. पण हे काकांना कुठून माहीत असणार? फोन करावा तर तिकडे दोन्ही बाळांना ताप होता. उगीच तिच्या जिवाला घोर कशाला, असं म्हणून त्यांनी स्वतःच उपाय काढला. आणि ओल्या वस्तूवर लॉन्ड्रीवाल्याचा उपाय दुसरा काय असणार हो? त्यांनी जाळी उचलली, वाळवणीच्या खोलीत नेली, नळाला अगदी लागून टांगली आणि दार लावून घेतलं. एक दिवस, एक रात्र, आणि वर खात्रीसाठी आणखी एक दिवस.

बाहेर काढले तेव्हा गड्डे बघण्यासारखे झाले होते. सालीचा नुसता कागद. हातात घेतलं की खुळखुळ वाजत. काकांनी फोटो काढून लेकीच्या फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, "सगळं ठीक." तिकडून काकूंनी सांगितलं, "छान राखलाय म्हणावं." काका दिवसभर शीळ घालत इस्त्री करत होते.

थंडी पडली. काकूंनी फोनवर एकेक गोष्ट सांगितली, काकांनी फोन खांद्याला दाबून वाफा केला. गड्डे फोडले तर आतल्या पाकळ्या पिवळसर, मेणासारख्या, जरा आरपार दिसणाऱ्या. काकांना वाटलं, मुरलाय चांगला. काकूंनी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण काकूंनी विचारलं ते एवढंच, "टोक वर केलंत ना?"

"वरच," काका म्हणाले. ते खरंच होतं.

दहा दिवस गेले. पंधरा गेले. काका रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी वाफ्यापाशी उकिडवे बसायचे आणि मातीकडे बघायचे. मातीही त्यांच्याकडे बघायची, पण दाखवायची काही नाही. "उगवला का?" काकू विचारायच्या. "येतोय," काका म्हणायचे. त्यांना खोटं बोलायची सवय नाही. एवढा एक शब्द बोलताना त्यांचे कान तापायचे.

विसाव्या दिवशी त्यांनी एक पाकळी उकरली. तपकिरी, लिबलिबीत. दुसरी उकरली, तीही तशीच. तिसरी हातात धरूनच ते पलीकडच्या चौकात रोपं विकणाऱ्या बाईकडे गेले. तिनं पाकळी नखानं चिरली, वास घेतला आणि कसा ठेवला होता ते विचारलं. काकांनी मोठ्या तपशिलानं सांगितलं.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही हा वाळवला नाहीत. शिजवलात."

काका परत आले ते कसे आले, त्यांनाच आठवत नाही. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला त्यांनी दुसऱ्याचाच कोट दिला. छत्तीस वर्षांत कुणाचा रुमाल इकडचा तिकडे झाला नव्हता.

वर गेले, स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. व्हिनेगरच्या बरण्या ओळीनं, लसूण-मीठ डब्यात, वाळलेले काप वेगळे. सगळा खायचा, लावायचा एकही नाही. तरी माणसाची आशा बघा. काकांनी व्हिनेगरमधली एक पाकळी चमच्यानं काढली, नळाखाली धुतली, उजेडात धरली आणि हिला मातीत घातलं तर, असा विचार चक्क दोन मिनिटं केला. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. चौतीस वर्षं तिनं जपलं, आणि आपण दोन दिवसांत संपवलं. तिचं माहेर आपल्या हातून गेलं. आता तिला तोंड कसं दाखवायचं?

मग त्यांना एकदम आठवलं. काकू तर गावभर बियाणं वाटत होत्या. जिवात जीव आला. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून काका निघाले.

आधी शिंप्याकडे. शिंपी म्हणाला, "काय चव होती हो त्याची. दोनच दिवस पुरला."

"लावला नाहीत?"

"वहिनींना सांगू नका," शिंपी म्हणाला आणि मान खाली घालून शिलाई मारू लागला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनीही खाल्ला होता, आणि वर पुढच्या वर्षी चार गड्डे द्या म्हणाल्या. चित्रकलेच्या मास्तरांनी मात्र खाल्ला नव्हता. काका आनंदानं आत गेले. टेबलावर एक सुरई, एक तांब्याचं भांडं आणि शेजारी ते दोन गड्डे मांडलेले होते. तीन वर्षांपासून. विद्यार्थी ते बघून चित्रं काढायचे. काकांनी एक गड्डा उचलला तर आत नुसता भुसा. मास्तरांनी भिंतीवरचं त्या गड्ड्यांचं एक चित्र उतरवून काकांना देऊ केलं. हुबेहूब होतं. काका नको म्हणाले.

वाटेत भाजीबाजार लागला. पांढऱ्याशुभ्र, गलेलठ्ठ लसणाचे ढीग. आणावा, लावावा, पंधरा दिवसांत पात वर येईल, काकू परत येतील तेव्हा वाफा हिरवागार. काकांनी दोन गड्डे हातात घेतलेही. पण उन्हाळ्यात खणल्यावर तिच्या हातात हा परका लसूण आला तर? त्यांनी ते ढिगावर परत ठेवले आणि विक्रेत्याची बोलणी खाल्ली.

आता एकच दार उरलं होतं, आणि त्या दारात पाऊल टाकायचं नाही अशी काकूंची सक्त ताकीद होती. काकूंची धाकटी बहीण. ती शेवटपर्यंत वडिलांजवळ राहिली होती, म्हणजे तो लसूण असला तर तिच्याकडेच. वडील गेल्यावर तिनं घर विकायच्या कागदावर नीट न सांगता सही घेतली, असं काकूंचं म्हणणं. नीट सांगितलं होतं, ताईनं ऐकूनच घेतलं नाही, असं धाकटीचं. नऊ वर्षं दोघींनी एकमेकींशी ब्र काढला नव्हता. काका मधल्या मध्ये गप्प. त्यांना धाकटी आवडायची, पण घरात राहायचं होतं ना.

धाकटी पोस्टात खिडकीवर बसायची. काका रांगेत उभे राहिले. पुढे सहा माणसं. दर माणूस कमी झाला की काकांचं धैर्यही तेवढंच कमी. शेवटी खिडकीसमोर आले तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "लसूण हवा होता."

"इथं तिकिटं मिळतात," धाकटी शिक्का मारता मारता म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. शिक्का हातातच राहिला. "ताईला काही झालं का?"

"नाही, नाही. ती बरी आहे. लेकीकडे गेलीय. माझ्या हातून..." मागचा माणूस खाकरला.

"पाच वाजता खिडकी बंद होते," धाकटी म्हणाली. "बाहेर थांबा, भावोजी."

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. वाटेत काकांनी सगळं सांगितलं, आणि गोष्ट वाळवणीच्या खोलीपर्यंत आली तशी धाकटी जिन्यातच कठड्याला धरून हसायला लागली. खूप हसली. मग म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी तुम्हाला फोडून काढलं असतं," आणि डोळे पुसले.

बाल्कनीत रंगाच्या जुन्या बादल्या, एक तडा गेलेला टब, सगळ्यांत काळी माती भुसभुशीत करून ठेवलेली. इथं भिंत तापते म्हणून ती उशिरा लावायची. दाराच्या खिळ्याला एक जुना लांब पायमोजा लोंबत होता. त्यात एक गड्डा, मग गाठ, पुन्हा एक गड्डा, पुन्हा गाठ. जांभळट रेघा मोज्यातूनही दिसत होत्या. काकांनी हात लावायला पुढे केला आणि मागे घेतला.

"यंदा सातच झालेत," धाकटी म्हणाली. तिनं कात्री आणली आणि खालून एकेक गाठ कापत चार गड्डे काढले. "चार तुम्हाला, तीन मला. तुमच्याकडे जमीन आहे."

"दोनच दे. तुझं काय राहील?"

"दोन्हीकडे लावलेला बरा. एकीचा गेला तर दुसरीचा असेल." तिनं ते वर्तमानपत्रात गुंडाळले. "आणि ताईला सांगू नका माझा म्हणून. उपटून फेकेल. लसणाचं काय चुकलंय त्यात?"

दुसऱ्याच दिवशी काकांनी लसूण लावला. चाळीस पाकळ्या, भरपूर मोकळ्या. तेराव्या दिवशी पहिलं हिरवं टोक दिसलं आणि काका तसेच उठून आत गेले आणि दोघा इस्त्रीवाल्यांना चहा पाजला. कारण मात्र सांगितलं नाही.

काकू परत आल्या तेव्हा पात वीतभर झाली होती. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्या मागच्या दारी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "मोकळा लावलात. बरं केलंत, मीच दाटी करते," त्या म्हणाल्या. मग वळून काकांकडे बघून हसल्या. "जमलं की हो तुम्हाला. मला तिकडे रोज धाकधूक होती."

चौतीस वर्षांत काकूंनी काकांची अशी तारीफ केली नव्हती. दुसरा कुणी असता तर त्या तारिफेवर निवांत झोपला असता. काकांना त्या रात्री झोप लागली नाही, सकाळी दाढी करताना दोनदा कापलं, आणि दुपारी जेवायला बसल्यावर घास काही गिळेना. समोर बटाटे होते, उकडलेली अंडी होती, काकू बाळांचं कौतुक सांगत होत्या. काकांनी हातातला पाव खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पावसापासून धाकटीच्या बाल्कनीपर्यंत, जवळजवळ काही मागे ठेवलं नाही. "येतोय" म्हटलं होतं तेव्हा काहीच येत नव्हतं, हेही सांगितलं.

काकूंनी ताट पुढे सारलं आणि त्या खाली गेल्या.

काका वरच्या खिडकीशी उभे राहिले. काकू वाफ्यापाशी उभ्या होत्या, हात कमरेवर. आता वाकतील, मुठीत पात धरतील आणि ओढतील, असं काकांना वाटत होतं. उपटला तर उपटू दे, असं मनाला बजावत होते. पण खरं सांगायचं तर तो उपटला गेला असता तर ते तिथंच खाली बसले असते. काकू वाकल्या. एक तणाची काडी काढली, ती टाकली, आणि तशाच पुन्हा उभ्या राहिल्या. किती वेळ कोण जाणे. खाली यंत्रातल्या चादरींचा एक घाणा पुरा झाला आणि थांबला.

मग त्या वर आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. ताटाला हात लावला नाही.

"सातातले चार दिले तिनं?"

"हो."

"आणि बादल्यांत लावते?"

"रंगाच्या. एक टब आहे, त्याला तडा गेलाय."

काकू बराच वेळ टेबलावरचं मीठ बोटानं गोळा करत राहिल्या. "माझं काही विचारलं?"

जिना उतरताना धाकटीनं वरून वाकून जे विचारलं होतं, ते काकांनी एवढं सगळं सांगताना नेमकं गाळलं होतं. आता गाळण्यात अर्थ नव्हता. "विचारलं," ते म्हणाले. "म्हणाली, ताई अजून रागावली की जेवत नाही का?"

काकूंनी पुढे सारलेल्या ताटाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा काही क्षण हसायचं की रडायचं ते ठरवू शकला नाही. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, नाही जेवत."

"खोटं सांगितलंत," काकू म्हणाल्या आणि ताट जवळ ओढलं. अंडं गार झालं होतं, तेच त्यांनी उचललं. नाक ओढलं, एक घास घेतला, मग दुसरा. तिसऱ्या घासाला मान वर न करता विचारलं, "खिडकी किती वाजता बंद होते म्हणालात तिची?"

"पाचला."

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्या भरभर जेवू लागल्या.